आठ ते पाच

पद्मिनी स्वतःचं नाव शोधत होती आणि तिला मुलीचं सापडलं. रायपूरच्या समता कॉलोनीच्या कोपऱ्यावर भैय्यालालचं च्वाइस सेंटर आहे, आधार, पेन्शन, बिजलीबिल, सगळं करणारं. तिथल्या काउंटरवर मतदार यादीची पाच पानं पसरून ती बोट खाली खाली सरकवत होती. तिसऱ्या पानावर मधल्या रांगेतल्या एका चौकोनात छापलेलं होतं, सोनिया मेश्राम. पति का नाम, अश्विन मेश्राम. उम्र तैंतीस. खाली मकान नंबर. बोट तिथं थांबलं आणि कानांत पाणी गेल्यासारखं झालं. भैय्यालाल विचारत होता, "मिल गया क्या आंटीजी?" आणि ती "हव, मिल गया" म्हणाली. मग ध्यानात आलं की आपल्याला आपलं नाव अजून सापडलेलं नाही. ते पाचव्या पानावर होतं, पद्मिनी वैरागडे, उम्र पैंसठ. त्यावरून तिची नजर नुसती घसरून गेली. पासष्ट वर्षांच्या बाईला स्वतःच्या नावाचं कसलं आलंय अप्रूप.

मतदान परवावर आलं तरी तिच्या घरी मतदानाची पर्ची आली नव्हती. आजूबाजूच्या सगळ्यांकडे आली, तिच्याकडे नाही. मागच्या चाळीस वर्षांत हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मतदान कधी, कुठं, कुठल्या खोलीत, हे सगळं पांडुरंगला ठाऊक असायचं. तो तहसील ऑफिसात निवडणूक शाखेतच रिटायर झालेला माणूस. मतदानाच्या दिवशी पावणेआठला तो दाढी करून दारात उभा असायचा, आणि पद्मिनी पदर नीट करत त्याच्या मागून निघायची. कुठं जायचं हे तिनं कधी विचारलं नाही. त्याच्या पाठीकडे पाहत चाललं की शाळा यायची. पांडुरंगला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत तिला कळलं होतं की नवऱ्याच्या पाठीकडे पाहत चाललेल्या बाईला आपल्याच गावातले रस्ते येत नाहीत. पुण्याहून पियुष फोनवर म्हणाला, "मम्मी, उन्नीस सौ पचास पे लगाओ ना, सब बता देंगे." तिनं तो मतदारांच्या मदतीचा नंबर लावला. तिकडची बाई हिंदीसाठी एक दाबा, अमक्यासाठी दोन दाबा म्हणत राहिली, आणि ही चष्मा शोधेपर्यंत फोन कटला. पियुषचं मराठी दहावीनंतरच सुटलं होतं. आईशी तो हिंदीत प्रेमानं बोलायचा आणि घाईत बोलायचा. "अरे मी एकटी कशी जाऊ रे, मले रस्ता बी ठाऊक नाही," ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला, "ऐप में देख लो मम्मी, दो मिनट का काम है." शेवटी ती पिशवीत मतदार कार्ड टाकून भैय्यालालकडे आली. नंबर टाकून शोधायची साइट बंद पडलेली होती. "सर्वर डाउन है, पूरा रायपुर आज ही ढूंढ रहा है," असं म्हणून त्यानं तिच्या भागाची सगळी यादीच उतरवली आणि तिचं नाव ज्यांत असेल अशी पाच पानं छापून दिली.

"इस बार आपका स्कूल बदल गया आंटीजी," भैय्यालाल स्क्रीनवरून वाचत होता. "दो पारा-मोहल्ला मिला के एक बूथ किए हैं. पंडरी तरफ का स्कूल है, कमरा नंबर दो. शुक्रवार को, सुबह आठ से शाम पांच." पद्मिनीनं तिसरं पान पुढं सरकवलं. "अन् हा मकान नंबर कुठं येईल भैया?" भैय्यालालला तिची मराठी समजायची, अर्धी गल्लीच तशी बोलायची. त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "ये? ये तो वहीं, क्वार्टरवाली लाइन. पैदल पंद्रह मिनट. कोई रिश्तेदार हैं?" पद्मिनीनं कागदांची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि म्हणाली, "पहचान के हैं."

पहचान के. घरी येऊन तिनं पाय धुतले, देवाजवळ दिवा लावला, आणि मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली तेव्हा हा शब्द तिला टोचायला लागला. ती समजून होती की सोनिया भिलाईत आहे. अश्विनची नोकरी तिथल्या प्लांटमधली, क्वार्टर तिथलं. एवढ्या माहितीवर तिनं पाच वर्षं काढली होती. भिलाई म्हणजे तासाभराचा रस्ता. पण मनात तो तिनं इतका लांब करून ठेवला होता की जायचं म्हटलं तर तिकीट काढून रात्रभर बसावं लागेल. आता पोरगी पंधरा मिनिटांवर राहून राहिली होती. याच भाजीवाल्याकडून मेथी घेत असेल. याच घरावरून जात असेल आणि फाटकाकडे न पाहता जात असेल. दिवाळी होऊन तीन दिवस झाले होते, करंज्यांचा डबा अर्धा भरलेला होता, खायला माणूस नव्हतं. पद्मिनी ओट्याला टेकून रडली, पदर तोंडात धरून. एकट्या घरात पदर तोंडात धरायची काही गरज नसते, पण सवय म्हणून धरला.

अश्विन घरी एकदाच आला होता. शांत पोरगा, पांढरा शर्ट, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारा. पोहे खाल्ले, आणि नको नको म्हणत असताना उठून आपली ताटली स्वतः विसळली. सोनिया दारातून हसत पाहत होती, पाह्य, मम्मी, असा पोट्टा कुठं मिळन तुले. तो गेल्यावर पांडुरंगनं वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्याआडून म्हणाला, "त्यायच्यात द्यायची नाही आपल्याले पोट्टी. विषय संपला." अश्विन बौद्धांचा होता. पद्मिनीला तो आवडला होता. हे ती देवासमोरही सांगेल. पण देवासमोर तिला दुसरंही सांगावं लागेल, की सोनिया त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली तेव्हा तिनं ती विसळलेली ताटली पुन्हा घासली होती, राखेनं, पांडुरंगला दिसेल अशी. सोनियाला हे ठाऊक नव्हतं. मे महिन्यात सोनियानं लग्न केलं, कोर्टात केलं, आणि घरी फक्त फोन आला.

त्यानंतर जे झालं ते अंगणवाडीच्या मायादीदींच्या वहीत झालं. पांडुरंग कर्मकांडातला माणूस नव्हता. लोक पोरीच्या नावानं आंघोळ करतात, पिंड पाडतात, तसलं काही त्यानं केलं नाही. त्याचा विश्वास रकान्यांवर. त्या वर्षी मतदार यादी नीट करायला मायादीदी घरोघर फिरत होत्या. वैरागड्यांच्या ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी वही उघडली. "भैया, तीन वोटर लिखे हैं. बिटिया का शादी हो गया ना? शिफ्ट लिख दूं?" पांडुरंग म्हणाला, "शिफ्ट नहीं. खत्म हो गई, लिखो." मायादीदींचं पेन थांबलं. पद्मिनी त्याच वेळी आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली होती. मायादीदींनी वर पाहिलं ते पांडुरंगकडे नाही, पद्मिनीकडे. किती वेळ पाहिलं? एक घोट पाणी प्यायला लागतो तेवढा. त्या नजरेत विचारणं होतं, आणि नाही म्हणायला एक मान हलवली असती तरी पुरलं असतं. पद्मिनी ग्लास धरून उभी राहिली. ग्लास गार होता, बोटांना पाणी सुटलं होतं, आणि तिला एवढंच सुचत होतं की हा हातातून सांडू नये. मायादीदींना वाटलं, आई आहे, दुःखात आहे. "कब?" त्यांनी हळूच विचारलं. "मई में," पांडुरंग म्हणाला. त्यानं फॉर्म भरला, कारणाच्या रकान्यात मृत्यू लिहिलं आणि त्याच्या त्या वळणदार सहीनं सही केली. मायादीदी पाणी न पिताच उठल्या.

हे सोनियाला कळलं असेल का? पाच वर्षं हा एकच प्रश्न पद्मिनीच्या जिवाला लागून राहिला होता. नाव कटलं हे तर कळलंच असणार. तिनं भिलाईत नवं करून घेतलं असेल, जिवंत असल्याचं लिहून द्यावं लागलं असेल. पण ते बाबानं केलं असं तिला वाटत असेल. बाबा तसेच होते. मम्मी आत असेल, मम्मीला ठाऊकच नसेल. या एका समजुतीच्या आधारानं पद्मिनी अजून स्वतःला त्या पोरीची आई म्हणवून घेत होती. तिला सोनिया परत हवी होती. दिवाळीला यावी, चार शब्द बोलावी, एवढंच. आणि हे व्हायचं असेल तर सोनियाला तो पाण्याचा ग्लास ठाऊक नसला पाहिजे. ती क्वार्टरवर जाऊ शकत होती, मकान नंबर पिशवीतच होता. पण कुणाच्या दाराची कडी वाजवायची तर दाखवायला तोंड लागतं. मतदानाच्या रांगेत तसं नसतं. तिथं कुणी कुणाला बोलावलेलं नसतं, आणि कुणी कुणाला हाकलूही शकत नाही. शुक्रवारी आठ ते पाच, कमरा नंबर दो. सोनियाही मत द्यायला तिथंच येणार होती. मतदान ती चुकवणारी नव्हती. निवडणूक शाखेतल्या बाबूच्या घरात वाढलेली पोरगी, अठरा पूर्ण होताच पहिली पर्ची तिनं वहीत जपून ठेवली होती.

शुक्रवारी सकाळी ती साडेसातलाच निघाली. करंज्यांचा डबा पिशवीत घातला आणि काढून ठेवला. डबा दिसला तर भेटायलाच आली असं दिसेल. रस्ता विचारत विचारत गेली, पंडरीच्या बंद दुकानांवरून. सुट्टी असूनही नव्या कापडाचा तो खळीचा वास हवेत होता. याच बाजारातून सोनियाच्या शाळेच्या युनिफॉर्मचं कापड आणायचे, दोन बोटं वाढ धरून. शाळेच्या अंगणात बायकांची रांग पन्नासेक होती. पद्मिनी शेवटी उभी राहिली, आणि रांग दारापाशी आली की बाजूला होऊन पुन्हा शेवटी जाऊन उभी राहायची. असं दोनदा झाल्यावर मागची बाई म्हणाली, "अम्मा, आप तो आगे थे?" पद्मिनी म्हणाली, "आप जाओ, मेरी बेटी आ रही है." मेरी बेटी हे दोन शब्द पाच वर्षांत ती मोठ्यानं बोलली नव्हती. दुपारपर्यंत ते तिनं सात-आठ जणींना सांगितलं. दर वेळी सांगताना जीभ थोडी सैल होत गेली. मेरी बेटी है, यहीं क्वार्टर में रहती है, आएगी. कुणी विचारलंही नव्हतं तरी सांगितलं. दारावरचा शिपाई तिच्याजवळ येऊन म्हणाला, "अम्मा, बुजुर्गों को लाइन नहीं लगती, सीधे अंदर जाओ." ती म्हणाली, "जाऊंगी भैया, बेटी आ जाए." त्यानं तिला भिंतीकडेला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. तिनं ग्लास घेतला आणि न पिता खाली ठेवला.

दोन वाजता रांग उरलीच नाही. ऊन बाकाच्या पायांपर्यंत आलं. मागच्या विधानसभेला, सोनिया गेली त्याच वर्षी, पांडुरंग पहिल्यांदाच दुपारी तीनला मतदानाला निघाला होता, ते तिला आठवलं. "सकाळी गर्दी असते," तो म्हणाला होता. चाळीस वर्षांत त्याला गर्दी कधी दिसली नव्हती. तो कुणाला टाळत होता हे तिला तेव्हाच कळलं होतं, पण ती काही बोलली नव्हती. दुपारची भांडी घासून मागून निघाली होती. कळलेलं न बोलणं हा तिचा धर्मच होऊन गेला होता. लोक त्याला सोशिकपणा म्हणायचे आणि पद्मिनीला ते आवडायचं.

साडेचारला स्कूटी आली. हेल्मेट काढायच्या आधीच पद्मिनीला ओळखू आलं, डावा पाय टेकून उतरायच्या त्या घाईवरून. सोनिया अंगानं भरली होती, केस कापलेले, कानामागं एक पांढरी बट. स्कूटीच्या पुढच्या हुकला पाण्याची एक छोटी बाटली लटकत होती. निळी, तिच्यावर हत्तीचं चित्र, झाकणाला दोरी. पद्मिनी त्या बाटलीकडे पाहत राहिली. पोरगा की पोरगी? केवढं? शाळेत जायला लागलं? तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं आणि आता ती एका बाटलीवरून वय काढत होती. उठताना गुडघा धरावा लागला.

"सोनिया."

सोनिया वळली. दचकली नाही. जणू कुणीतरी कधीतरी इथं हाक मारणार हे धरून आली होती. "मम्मी." मग हिंदीत, "कैसी हो? पापा का सुना मैंने. पियुष ने मैसेज किया था."

"मी बरी हाय. तू... तू इथं राहून राहिली, मले ठाऊकच नव्हतं. परवा यादीत पाहिलं. तं म्हटलं..." तिनं बाकाकडे हात केला. "सकाळपासून बसून हाय मी. तुह्यासाठी. आठ वाजल्यापासून."

आणि सोनियाच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं. ती आईच्या शेजारी बाकावर बसली. मांडीवर हेल्मेट. बोलली तेव्हा मराठीत बोलली, लहानपणच्या.

"मी बी आली होती मम्मी. त्या वर्षी. भिलाईहून, सकाळच्या पहिल्या बसनं. म्हटलं, मम्मी अन् बाबा बरोबर आठले येते. लग्नानंतर घरी यायची हिंमत नव्हती, पण वोटिंगले कोण काय म्हणन. आपल्या जुन्या शाळेत उभी राहिली. एक वाजेपर्यंत. तुम्ही नाही आले."

पद्मिनीला वाटलं, आपण बसलेला बाक कुणीतरी हळूहळू काढून घेतंय.

"मंग म्हटलं, आलीच हाय तं वोट टाकून जाते. आत गेली. ते यादी पाहून म्हणे, ये तो खत्म हो गईं. मले पहिले हसूच आलं. मी म्हटलं, मैं सामने खड़ी हूं. ते म्हणे, रिकॉर्ड में मृत लिखा है. तं मी म्हटलं, मेरी मम्मी से पूछ लो. लई जोरात म्हटलं, सगळे पाहून राहिले होते. मेरी मम्मी आती ही होगी, उनसे पूछ लो, मैं जिंदा हूं कि नहीं." सोनियानं हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा केला. "मायादीदी तिथंच टेबलावर होत्या. मले बाजूले घेऊन गेल्या. त्या बी रडून राहिल्या होत्या. म्हणे, बेटा, मम्मी के सामने ही लिखा है. मम्मी पानी लेके खड़ी थीं."

अंगणात कुणीतरी मोबाइलवर बोलत होतं, मजेत. पद्मिनीनं तोंड उघडलं. सोनिया थांबली. तिनं घाई केली नाही, मान वळवली नाही, आईच्या तोंडाकडे बघत अगदी नीट थांबून राहिली. पोरीला काहीही चाललं असतं. मी भ्याली होती. माझी जीभ उचलली नाही. चुकलं माझं बाई. पद्मिनीच्या तोंडाशी हे सगळं एकाच वेळी आलं आणि एकमेकांत अडकून बसलं. तिचे ओठ हलले, सोनियानं ते पाहिले. आवाज आला नाही. मग सोनिया उठली आणि आईचा सरकलेला पदर खांद्यावर नीट करून दिला, सहज हात जातो तसा.

"तू वोट टाकलं का नाही अजून? पाच वाजून राहिले मम्मी. जा पहिले."

आणि सोनिया स्वतः आत गेली. रांग नव्हतीच. दारातून आवाज ऐकू आला, आतला माणूस यादीवरून मोठ्यानं वाचत होता, नंबर, मग "सोनिया मेश्राम, पति अश्विन मेश्राम", आणि सोनियाचा "जी". पद्मिनी दाराकडे डोळे लावून उभी राहिली. बाहेर आली की सांगायचं, तिनं ठरवलं. एकदम सांगून टाकायचं, पायावर पडावं लागलं तर पडायचं, आई असली म्हणून काय झालं. आत एक टूं असा लांब आवाज झाला. ती थांबली. कुणी बाहेर आलं नाही. मग स्कूटीचा आवाज आला, आणि तेव्हा तिला कळलं की मत देऊन बाहेर पडायचं दार दुसऱ्या बाजूला आहे. हे पांडुरंगला ठाऊक असायचं.

ती अंगणातून धावली, पासष्ट वर्षांची बाई जशी धावेल तशी. "सोनिया! ए सोनिया!" असा आवाज तिच्यातून आजवर निघाला नव्हता, बाळंतपणातही नाही. मोबाइलवरचा माणूस बोलायचा थांबला. स्कूटी फाटकातून बाहेर पडली, हेल्मेट रस्त्याकडे वळलेलं, हुकवरची निळी बाटली झुलत होती, आणि पंडरीच्या वळणावर ती दिसेनाशी झाली. शिपाई पळत आला, तिला दंडाला धरून थांबवलं. "क्या हुआ अम्मा? कौन थी?"

"मेरी बेटी है," पद्मिनी म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता. तिनं त्याची बाही धरली, आणि त्याला नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा, मोठ्यानं म्हणाली, "मेरी बेटी है वो. जिंदा है. लिख लो भैया, जिंदा है."

"हां अम्मा, जिंदा ही तो है," शिपाई समजुतीच्या सुरात म्हणाला. "अभी वोट डाल के गई ना. चलो, आप भी डाल दो, पांच बजने वाले हैं."